खेळणें आणि खेळ

लहान मुलाच्या हातांतील वस्तूस आपण खेळणें म्हणतों, आणि त्या वस्तूच्या साहाय्यानें तें मूल जें कांहीं करतें त्यास खेळ म्हणतों. भाषेनें हे दोन शब्द निराळे ठेवले आहेत. व्यवहारांत मात्र आपण त्यांची नेहमीं गल्लत करतों. फडताळांत सोंगट्यांचा पट घडी करून ठेवलेला असला कीं त्या घरांत सोंगट्यांचा खेळ आहे असें आपणांस वाटतें. पण तो पट कसा मांडावा, दान कसें मोजावें, सोंगटी केव्हां मारावी आणि केव्हां घरांत न्यावी, हें सांगणारें माणूस त्या घरांत उरलें नसेल, तर तेथें खेळणें आहे, खेळ नाहीं.

हीच गल्लत गेल्या पन्नास वर्षांत निपजलेल्या एका नव्या वस्तूसंबंधीं होत आहे. तळहातावर मावणारीं, सेलवर चालणारीं आणि लहानशा पडद्यावर हलतीं चित्रें दाखविणारीं खेळयंत्रें आतां कोणासही अपरिचित नाहींत. त्यांचा इतिहास लिहिणारे बहुधा यंत्रांचाच इतिहास लिहितात: कोणतें यंत्र कोणत्या सालीं निघालें, त्याचा पडदा केवढा होता, तें किती खपलें. वास्तविक या यंत्रांचा खरा इतिहास त्यांच्यासाठीं रचलेल्या खेळांचा, म्हणजे त्यांच्या खेळसंग्रहाचा इतिहास आहे. जपानच्या निन्तेन्दो कंपनीचें 'गेम बॉय' हें यंत्र आणि त्याचा संग्रह हें या विधानाचें सर्वांत ठळक उदाहरण आहे. त्याची हकीकत येथें थोडक्यांत सांगून, असल्या संग्रहांत आपला वांटा किती आणि त्याच्या जतनाची काळजी आपण कितपत घेतली, याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या कथेचा आरंभ यंत्रांत नाहीं, पत्त्यांत आहे. आणि त्यांत आमच्या वसईचाही दूरचा संबंध येतो. १५३४ च्या तहानें वसईचा मुलूख गुजराथच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं तो जिंकीपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. ज्या दर्यावर्दी लोकांनीं येथें किल्ला आणि देवळें बांधलीं, त्यांचेच देशबांधव १५४३ सालीं जपानच्या किनाऱ्यास लागले, आणि बंदुकीबरोबर आपले खेळण्याचे पत्तेही त्यांनीं तेथें नेले. पत्त्यांस जपानी भाषेंत आजही 'करुता' म्हणतात. तो पोर्तुगीजांचाच शब्द आहे. पुढें तेथील राज्यकर्त्यांनीं जुगाराच्या भयानें परदेशी पत्त्यांस वारंवार बंदी केली, आणि दर बंदीस चुकविण्यासाठीं लोकांनीं पत्त्यांचें रूप पालटलें. अंकांच्या जागीं फुलें आलीं, आणि बारा महिन्यांचीं बारा फुलें असलेला 'हानाफुदा' नांवाचा अठ्ठेचाळीस पानांचा जोड रूढ झाला. हीं पानें हातानें तयार करून विकणारें एक दुकान १८८९ सालीं क्योतो शहरांत निघालें. तीच निन्तेन्दो.

आपल्या कोंकणांतही पत्त्यांची एक जुनी परंपरा आहे. सावंतवाडीच्या गंजिफाचीं गोल, लाखेनें चकाकणारीं पानें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस त्यांच्या सौंदर्याविषयीं सांगावयास नको. दशावतारी गंजिफांत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एक्कीपासून दश्शीपर्यंत दहा पानें, अशीं एकशेंवीस पानें असतात. त्याचे नियमही मोठे बुद्धीचे आहेत. अर्ध्या रंगांत दश्शी सर्वांत मोठी, तर उरलेल्या अर्ध्या रंगांत हा क्रम उलटा होऊन एक्की मोठी. दिवसा खेळ असेल तर रामाच्या राजानें उतारी, रात्रीं असेल तर कृष्णाच्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सावंतवाडीच्या राजघराण्यानें मरणपंथास लागलेल्या या कारागिरीस आश्रय दिला, म्हणून आजही तीं पानें रंगविलीं जातात. परंतु तीं विकत घेणारे लोक त्यांचें काय करतात? चौकटींत बसवून दिवाणखान्यांत टांगतात. गंजिफाचा एक डाव पुरा खेळून दाखवील असें माणूस मिळविणें आज पानें मिळविण्याहून कठीण आहे. म्हणजे येथें खेळणें वांचलें आणि खेळ हातचा निसटत चालला.

क्योतोमध्यें याच्या उलट घडलें. १९६५ सालीं गुनपेइ योकोइ नांवाचा एक तरुण त्या पत्त्यांच्या कारखान्यांत नोकरीस लागला. पानें तयार करणारीं यंत्रें नीट चालतात कीं नाहीं हें पाहण्याचें काम त्याच्याकडे होतें. फावल्या वेळांत त्यानें करमणुकीसाठीं केलेलें एक खेळणें मालकाच्या दृष्टीस पडलें आणि त्याचें काम बदललें. १९८० सालीं त्यानें 'गेम अँड वॉच' हें चपटें, खिशांत मावणारें यंत्र काढलें. गणकयंत्रांच्या कंपन्यांमधील स्पर्धेमुळें लहान काचपडदे त्या वेळीं फार स्वस्त झाले होते, त्याचा त्यानें लाभ घेतला. पण या यंत्रांत एक उणीव होती. एका यंत्रांत एकच खेळ. दुसरा खेळ हवा असेल तर दुसरें यंत्र घ्यावें लागे. अशीं सुमारें साठ निरनिराळीं यंत्रें निघालीं. पट बदलल्यावांचून खेळ बदलत नाहीं, अशीच ही अवस्था होती.

पत्त्यांच्या जोडाचें तसें नसतें. तेच बावन्न पत्ते घेऊन कोणी झब्बू खेळतो, कोणी मेंढीकोट, कोणी ब्रिज. यंत्र एक आणि खेळ अनेक ही युक्ति हातांतील यंत्रास प्रथम अमेरिकेंत १९७९ सालीं 'मायक्रोव्हिजन'नें लावून पाहिली. पण तिच्यासाठीं खेळ निघाले जेमतेम डझनभर, आणि तें यंत्र लवकरच विस्मरणांत गेलें. त्यावरून मिळणारा धडा साधा आहे. ग्रंथालयाची इमारत बांधली म्हणजे ग्रंथालय होत नाहीं. कपाटांत पुस्तकें यावीं लागतात.

योकोइ आणि त्याचे सहकारी यांनीं तयार केलेला गेम बॉय २१ एप्रिल १९८९ रोजीं जपानांत विक्रीस आला. यंत्र म्हणून पाहिलें तर तो त्या काळींही मागासलेलाच होता. पडद्यावर रंग नव्हते. हिरवट-पिवळ्या पार्श्वभूमीवर चार छटा तेवढ्या दिसत. पडद्यास स्वतःचा उजेड नव्हता, त्यामुळें खेळणारास दिव्याखालीं किंवा खिडकीशीं बसावें लागे. त्याच वर्षीं अमेरिकेंत अटारी कंपनीचें 'लिंक्स' निघालें आणि पुढच्या वर्षीं सेगा कंपनीचें 'गेम गिअर'. दोहोंचे पडदे रंगीत आणि आंतून उजळलेले होते. तरी दोघांचाही पाडाव झाला. योकोइचें सूत्र असें होतें कीं नव्यांत नवें तंत्र शोधूं नये. जें जुनें होऊन, पिकून स्वस्त झालें आहे तेंच घ्यावें आणि त्याचा कोणास न सुचलेला उपयोग करावा. फिकट पडद्यामुळें गेम बॉय चार पेन्सिल सेलांवर पंधरा तास आणि त्याहूनही अधिक चाले; प्रतिस्पर्धी यंत्रें सहा सेल घेऊन चार-पांच तासांत थकत. अमेरिकेंत गेम बॉयची किंमत सुमारें ९० डॉलर होती, लिंक्सची त्याच्या दुप्पट. स्वस्त आणि टिकाऊ यंत्र पुष्कळांच्या हातीं गेलें; पुष्कळांच्या हातीं गेलें म्हणून खेळ रचणारे त्याच्याकडे वळले; आणि खेळ वाढले म्हणून यंत्राचा खप आणखी वाढला. लिंक्सच्या वांट्यास शंभर खेळही आले नाहींत. गेम बॉयचा संग्रह हजारावर गेला.

या संग्रहाच्या दारांतच जो खेळ उभा होता त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. १९८४ सालीं मॉस्कोंतील एका संशोधनसंस्थेंत अलेक्सेइ पाजित्नोव या गणकतज्ज्ञानें, चार चौकोन जोडून होणाऱ्या सात आकृत्या वरून खालीं पडत आहेत आणि त्या एकमेकींत बसवून ओळी भरावयाच्या आहेत, असा एक खेळ रचला. त्याचें नांव 'टेट्रिस'. ज्या गणकयंत्रावर तो प्रथम चालला त्यास चित्रें काढतां येत नव्हतीं, म्हणून त्या आकृत्या कंसांच्या चिन्हांनीं दाखविल्या होत्या. खेळ हातोहात सोव्हिएत राष्ट्राच्या सीमेबाहेर गेला आणि त्याच्या हक्कांविषयीं पाश्चात्य कंपन्यांत मोठा गोंधळ माजला. फेब्रुवारी १९८९ मध्यें हेंक रॉजर्स हा व्यापारी आमंत्रण नसतांना मॉस्कोस जाऊन धडकला आणि हातांतील यंत्रापुरते हक्क त्यानें सरकारी खात्याकडून मिळविले. यंत्राबरोबर 'मारिओ'चा खेळ द्यावा असा निन्तेन्दोच्या अमेरिकन शाखेचा मानस होता. रॉजर्सनें त्यांस सांगितलें कीं मुलांसच यंत्र विकावयाचें असेल तर मारिओ द्या, सर्वांस विकावयाचें असेल तर टेट्रिस द्या. तसेंच झालें. कारकून, आगगाडींतून जाणारे प्रवासी, इस्पितळांतील रोगी, आज्या आणि आजोबा असे जे लोक खेळयंत्राच्या वाटेस कधीं गेले नसते त्यांनीं तें विकत घेतलें. या एका यंत्रावर टेट्रिसच्या सुमारें साडेतीन कोटी प्रती गेल्या. रचणाऱ्यास मात्र त्यांतून कित्येक वर्षें कांहीं मिळालें नाहीं. हक्क सरकारचे होते, ते १९९६ च्या सुमारास त्याच्याकडे आले.

टेट्रिसचा तो सारा खेळ बत्तीस किलोबाइटांत मावलेला होता. वाचकांपुढें असलेला हा लेख गणकयंत्रांत देवनागरी लिपींत सांठविला तर त्यास याहून अधिक जागा लागते. एवढ्या तोकड्या जागेंत जें रचावयाचें त्यांत पाल्हाळास वाव नव्हता. नियम थोडे, पण त्यांचे परिणाम अगणित, अशीच रचना तेथें टिकूं शके. बुद्धिबळाचा किंवा सोंगट्यांचा पट काढणाऱ्या अनामिकांनींही दुसरें काय केलें होतें? या संग्रहांतील उत्तम खेळांस आम्ही त्यांच्या पंक्तीस बसवितों तें यामुळेंच.

पुढील संग्रहाचें वर्णन विस्तारानें करण्याचें कारण नाहीं. कोणत्याही ग्रंथालयांत असतें तसें त्यांत पुष्कळ कसपटही होतें. गाजलेल्या चित्रपटाचें नांव लावून घाईनें रचलेले खेळ शेंकड्यांनीं निघाले आणि विसरले गेले. पण १९९३ च्या 'झेल्डा'मध्यें एका बेटाची आणि त्याच्या स्वप्नाची अशी कथा आली कीं ती खेळून संपविणाऱ्यास लघुकादंबरी वाचल्याचें समाधान मिळे. आणि यंत्र जुनें झालें, आतां तें मोडीत निघणार, असें वाटूं लागलें असतांना २७ फेब्रुवारी १९९६ रोजीं जपानांत 'पोकेमॉन' निघाला. त्याचा कर्ता सातोशि ताजिरि लहानपणीं किडे गोळा करण्याचा नादी होता. त्याच्या गांवाचीं शेतें आणि तळीं बुजवून तेथें इमारती उठल्या. शहरांतील मुलांस किडे पकडण्याचें सुख आतां कोठून मिळणार, असा विचार त्याच्या मनांत होता. दोन यंत्रें जोडणारी एक तार गेम बॉयबरोबर पहिल्यापासूनच होती, पण तिचा उपयोग बहुधा दोघांची झुंज लावण्यापुरता होई. ताजिरिस त्या तारेवरून किडे चालत जात आहेत असें दिसलें. त्यानें प्राण्यांची अदलाबदल हेंच खेळाचें मर्म केलें. दीडशें प्राण्यांचा संच एकट्यानें पुरा होऊंच नये, मित्राकडे जावेंच लागावें, अशी योजना केली. सात वर्षांच्या जुन्या यंत्रानें या एका खेळाच्या बळावर नवा जन्म घेतला. पुढील रंगीत आवृत्ति धरून गेम बॉय जगांत ११ कोटी ८६ लाखांच्या वर खपला. यंत्र खेळांस जगवितें असें आपण समजतों. येथें खेळानें यंत्रास जगविलें.

आतां आपल्याकडे वळूं. गेम बॉय महाराष्ट्रांतील मध्यम वर्गाच्या घरांत क्वचितच आला. तो येई तो परदेशीं राहणाऱ्या मामा-काकांच्या सामानांतून. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकांत जत्रेंत, स्टेशनाबाहेर आणि खेळण्यांच्या दुकानांत मिळूं लागला तो 'ब्रिक गेम'. उभट आकार, करड्या काचेवर काळे चौकोन आणि मुखपृष्ठावर '९९९९ इन १' अशी भव्य घोषणा. प्रत्यक्षांत त्यांत टेट्रिसची नक्कल, गाडीची शर्यत, साप, रणगाडा असे पांच-दहा खेळ असत. वेग आणि पायऱ्या बदलून त्यांचीच गणती हजारांवर नेलेली असे. ग्रंथालयांत एकच पुस्तक हजार वेळां मांडून ग्रंथसंख्या फुगविण्याचाच हा प्रकार होता. तरी त्याची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. मॉस्कोंत रचलेला तो बुद्धीचा खेळ महाराष्ट्रांतील लक्षावधि मुलांपर्यंत आणि त्यांच्या आयांपर्यंत पोंचला तो याच निनांवी यंत्रानें. पाजित्नोवचें नांव कोणासच माहीत नव्हतें. त्यानंतर भ्रमणध्वनि आला. १९९७ सालीं नोकिया कंपनीनें आपल्या फोनांत घातलेला साप पुढें इतका पसरला कीं पुष्कळांच्या आयुष्यांतील पहिला हातांतील खेळ तोच ठरला.

या साऱ्यांत आपण घेणारे होतों, देणारे नव्हतों. पहिलें कांहीं देणें घडलें तें दुसऱ्या एका यंत्राच्या संग्रहांत. सोनी कंपनीचें 'प्लेस्टेशन पोर्टेबल' हें हातांतील यंत्र २००४ च्या डिसेंबरांत जपानांत निघालें, आणि सुमारें दहा वर्षें चाललें. त्याच्यासाठीं मुंबईच्या ट्राइन गेम्स या संस्थेनें 'स्ट्रीट क्रिकेट चँपियन्स' नांवाचा गल्लींतल्या क्रिकेटचा खेळ रचला. तो २०१० सालीं प्रसिद्ध झाला. याच सुमारास हैदराबादच्या गेमशास्त्र या संस्थेनें 'देसी अड्डा' रचला. त्यांत कबड्डी, पतंग आणि विटीदांडू हे आपले खेळ होते. सागरापलीकडून आलेल्या यंत्राच्या कपाटांत आपल्या अंगणांतील विटीदांडूस जागा मिळाली, ही गोष्ट लहान नाहीं. हे खेळ जगांतील उत्तम खेळांच्या तोडीचे होते असें आमचें म्हणणें नाहीं. पण मराठींतील पहिल्या कादंबऱ्या तरी आजच्या कसोटीस कितपत उतरतात? त्या आपण जपून ठेवितों, कारण आरंभ तेथें आहे.

हे खेळ मात्र कोणी जपून ठेविले आहेत? १९५४ च्या कायद्यानें भारतांत प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे, आणि मुंबईच्या टाउन हॉलांतील मध्यवर्ती ग्रंथालय धरून आणखी कांहीं ग्रंथालयांकडे, पाठविण्याचें बंधन प्रकाशकांवर घातलें. १९५६ सालीं त्यांत वृत्तपत्रांची भर पडली. त्यामुळें एखादी सामान्य कादंबरीही शंभर वर्षांनीं कोणास पाहावयाची झाली तर ती मिळण्याची आशा असते. खेळास त्या कायद्यांत जागा नाहीं. फ्रान्सनें १९९२ च्या कायद्यानें हे खेळ पुस्तकांप्रमाणेंच आपल्या राष्ट्रीय ग्रंथालयांत जमा करण्याचें ठरविलें. मुंबईंत रचलेला गल्लींतील क्रिकेटचा खेळ मात्र टाउन हॉलाच्या पायऱ्या चढला नाहीं.

आणि हे खेळ कागदाहून लवकर मरतात. गेम बॉयचा प्रत्येक खेळ एका लहान डबींत असे. आपल्याकडे मुलें असल्या डबीस कॅसेट म्हणत. पोकेमॉनसारख्या खेळाच्या कॅसेटींत, खेळणाऱ्याची प्रगति लक्षांत ठेवण्यासाठीं नाण्याएवढा एक सेल बसविलेला असे. दहा-पंधरा-वीस वर्षांनीं तो संपतो, आणि मुलानें महिनोन्महिने गोळा केलेला संच एका रात्रींत पुसला जातो. नवीन खेळांस तर डबीही नसते. ते दूरच्या दुकानांतून तारेवाटें येतात. २७ मार्च २०२३ रोजीं निन्तेन्दोनें आपल्या दोन जुन्या यंत्रांचें असें दुकान बंद केलें आणि केवळ तेथेंच मिळणारे पुष्कळ खेळ विकत मिळेनासे झाले. त्याच वर्षीं अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननें एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा सत्त्याऐंशी आज बाजारांत कोणत्याही रूपानें मिळत नाहींत. आणि गेम बॉयच्या संग्रहापुरतें पाहिलें तर शंभरांपैकीं सुमारें सहाच मिळतात. ज्या यंत्राच्या कोट्यवधि प्रती जगांत आहेत त्याची ही स्थिति. मग ज्यांच्या प्रती थोड्या त्या आपल्या दोन-चार खेळांची काय कथा?

खेळांसाठीं एवढा शोक कशास करावा, असा प्रश्न वडील मंडळी विचारतील. अभ्यासाचा वेळ खाणाऱ्या वस्तु नाहींशा झाल्या तर बरेंच झालें, असेंही कोणी म्हणेल. मुलांचा वेळ किती आणि कसा जावा हा प्रश्न खरा आहे, आणि तो घराघरांत सोडवावा लागतो. पण तो खेळ जतन करण्याच्या प्रश्नाहून निराळा आहे. आपल्या पूर्वजांनीं तर खेळ लिहून ठेवणें हें पांडित्यास कमीपणा आणणारें मानिलें नाहीं. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर यानें 'मानसोल्लास' रचला तेव्हां राजनीति आणि पाकशास्त्र यांच्या बरोबरीनें क्रीडा आणि विनोद यांस त्यानें प्रशस्त जागा दिली. १८७१ सालीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, ज्योतिषी हरिकृष्ण शर्मा यांनीं आपल्या 'बृहज्ज्योतिषार्णव' या प्रचंड ग्रंथांत 'क्रीडाकौशल्य' नांवाचें एक सबंध प्रकरण घातलें आणि बुद्धिबळापासून गंजिफापर्यंत खेळांचे पट, मांडणी आणि नियम लिहून ठेविले. ग्रहगणित करणाऱ्या पंडितानें सोंगट्यांसाठीं लेखणी झिजविली, म्हणून आज संशोधकांस ते खेळ पुन्हां मांडतां येतात. पुढें बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं १९३६ ते १९४९ या काळांत 'व्यायामज्ञानकोशा'चे दहा खंड काढले. त्यांत आट्यापाट्या, हुतूतू, विटीदांडू यांसारख्या देशी खेळांस ज्ञानकोशाच्या इतमामानें स्थान मिळालें.

खेळ लिहिला गेला नाहीं म्हणजे काय होतें याचें उदाहरण मोक्षपटाचें. परंपरा त्याचा संबंध ज्ञानदेवांशीं जोडते. त्या पटांत शिडी म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. सोंगटी चढते ती मोक्षाकडे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं तो इंग्लंडांत गेला, तेथें त्याचा 'स्नेक्स अँड लॅडर्स' झाला, आणि पापपुण्याचीं नांवें हळूहळू गळून नुसते आंकडे राहिले. तोच पट आपण सापशिडी म्हणून दुकानांतून परत विकत आणिला. घराघरांत सापशिडी आहे. पण कोणत्या घरावर कोणता साप कां आहे हें सांगतां येणारीं घरें किती? पट परत आला, त्याचा अर्थ परत आला नाहीं. तो शोधावयास जुन्या हस्तलिखितांचीं बाडें सोडावीं लागतात.

आम्ही ज्या सातिवलींत राहतों तें गांव वसईच्या पूर्वेस, तुंगारेश्वराच्या डोंगराच्या बाजूस आहे. एके काळचें हें शेतीचें गांव आज कारखान्यांच्या गाळ्यांनीं भरलें आहे. प्लॅस्टिकचा सांचा पाडणें, पत्रा कापणें, सुटे भाग जोडणें हीं कामें येथें अहोरात्र चालतात. यंत्राचें कवच कसें तयार होतें हें येथील पोरासही ठाऊक असतें, आणि जुनें झालेलें कवच भंगारांत किती भावानें जातें हेंही ठाऊक असतें. पण त्या कवचाच्या आंत जो खेळ होता त्याची किंमत वजनकांट्यावर येत नाहीं. भंगारवाल्याच्या टोपलींत ब्रिक गेम, मोडका फोन आणि एखादी कॅसेट पडलेली असते, तेव्हां तांबें आणि प्लॅस्टिक तेवढें वांचतें. क्योतोच्या पत्तेवाल्यांनीं पानांचा धंदा करतां करतां खेळ हीच आपली खरी मिळकत आहे हें ओळखलें. आपण अजून कवचेंच तोलीत बसलों आहों.

सरकारनें १९५४ चा कायदा वाढवून खेळांस ग्रंथालयांत जागा द्यावी, विद्यापीठांनीं आणि संग्रहालयांनीं त्यांचे संग्रह करावेत, ही मागणी रास्त आहे आणि ती करीत राहिलें पाहिजे. पण हरिकृष्णशास्त्र्यांनीं कोणत्याही कायद्याची वाट पाहिली नव्हती. ज्यांच्या घरीं अशीं जुनीं यंत्रें पडून आहेत त्यांनीं प्रथम त्यांतील सेल काढून ठेवावेत, कारण गळलेला सेल यंत्र खातो. कॅसेट असेल तर तिचा डबा आणि नियमांची पुस्तिका तिच्याजवळच ठेवावी. त्याहून महत्त्वाचें काम लेखणीचें आहे. तो खेळ काय होता, त्यांत जिंकावयाचें कसें, भावंडांनीं त्यांत आपले घरगुती नियम कोणते घातले होते, आई दुपारीं कोणता डाव खेळत असे, हें एका पानभर मराठींत लिहून त्या यंत्राबरोबर ठेवावें. सावंतवाडीच्या प्रत्येक गंजिफाच्या डब्यांत असें एक एक पान शंभर वर्षांपूर्वीं कोणीं घालून ठेविलें असतें, तर आज ती एकशेंवीस पानें चौकटींत जाऊन बसलीं नसतीं.